दालनात ठेवलेली चार हत्यारं

२१ सप्टेंबर, रविवार

गदा दहाव्या पायरीवर. सकाळी ७.१०.

चारही पूर्ण: तलवार, भाला, गदा, धनुष्य. सात महिने लागले. दोनशे पॉइंट, प्रत्येक हत्याराला पन्नास, एकही इकडचा तिकडे नाही. एक हत्यार ठेवून दुसरं काढायला ०.४ सेकंद. वीस वेळा मोजलं, सरासरी काढली.

खेळातल्या आमच्या मंडळात अजून सांगितलं नाही. अकरा जण आहोत, सगळे बीड जिल्ह्यातले. बाकीचं जग याला गिल्ड म्हणतं, पण बालाजीला ते चालत नाही. मंडळ म्हणायचं आणि मंडळाला अध्यक्ष असतो. अध्यक्ष अर्थातच तो. दिंद्रुडला खत-बियाण्यांचं दुकान, दोन मुलं, गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे मांडीवर लॅपटॉप.

पहिले चार महिने मी माइक बंद ठेवून खेळले. तेव्हा मला गावावरून 'ए वडवणी' म्हणायचे, शिव्या द्यायचे, सगळ्यांच्या पुढे पाठवायचे. मग एकदा बोलले. त्या दिवसापासून ताई. त्या दिवसापासून 'ताई, तू मागं थांब.'

२३ सप्टें., मंगळ.

पुराच्या पाण्यात गेलेले मोटारींचे चौदा स्टार्टर आलेत. उघडावा तो गाळ. कॉइल धुऊन, वाळवून, मेगर लावून इन्सुलेशन बघतेय. नऊ वाचतील, पाच गेले.

एक जण दारातूनच म्हणाला, मिस्त्री कुठायत? काकांनी माझ्याकडे बोट केलं. वर्कशॉप काकांचं, पॅनेल माझ्याकडे, तीन वर्षं झाली. तो माणूस म्हणे, बरं, पण शेवटी तुमी एकदा नजर टाका, काका. काकांनी मान वर केली नाही. 'तिनं बघितलं म्हंजी झालं.'

संध्या. कॉल. १२ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी दोनला गडाची चढाई. दार वर्षातून एकदाच उघडतं. आतला राखणदार दर वीस सेकंदांनी अंग बदलतो. झाडाची साल असली की फक्त तलवार लागते, खवले आले की भाला, दगड झाला की गदा, उडाला की धनुष्य. चारांतलं एक जरी कमी पडलं तरी सगळं पहिल्यापासून.

माझं म्हणणं: तलवारवाला ऐंशीपैकी साठ सेकंद नुसता उभा असतो. तसेच बाकीचे तिघे. मी कधीच रिकामी नसते, शिवाय कुणी पडला तर त्याची जागा भरते. बालाजीचं म्हणणं: 'एका वावरात चार पिकं घेतली तर एकबी धड येत न्हाई, ताई.' मी विचारलं, मग कपाशीत तुरीच्या ओळी काहून टाकतात? दोन्ही बियाणं तुमच्याच दुकानातून जातं.

पालीचा विष्णू तेवढा हसला. बाकीच्यांचे माइक बंद. बालाजी म्हणाला, ताई शिकलेली हाय, तिच्याशी कोण बोलणार बाबा.

मुद्द्याला उत्तर नसलं की मी शिकलेली असते.

२७ सप्टें., शनि.

सराव. मैदानातला नकली राखणदार. तिसऱ्या मिनिटाला गदावाला पडला, पाचव्याला भालावाला. दोन्ही जागा मी भरल्या, वर विष्णूबरोबर बाण मारले. अकरा जणांत सगळ्यांत जास्त मार माझा, १९ टक्के. ही नोंद खेळ ठेवतो. मी नाही.

संपल्यावर बालाजी: 'आज विष्ण्यानं काय बाण मारले राव.'

विष्णू: 'भाऊ, निम्मे ताईचे होते.'

'हां हां. दोघांनी मिळून.'

विष्णू शेळ्या-म्हशी बघता बघता मोबाईलवर खेळतो. धरणाच्या कडेला रेंज बरी मिळते म्हणे. मधेच त्याच्या माइकमधून शेळी ओरडते आणि सगळे तिला नमस्कार करतात. तो खरं बोलतो, पण हळू. बालाजीने 'हां हां' म्हटलं की गप्प.

नंतर नेहमीचं. ताई, तू हीलर झालीस तर आपलं कुणी पडणारच न्हाई. म्हणजे एकही हत्यार धरायचं नाही, दोनशेच्या दोनशे पॉइंट दुसऱ्यांना उभं करण्यात. रिसेटचा एकच खडा आहे माझ्याकडे. वापरला की सात महिने पुसले. बालाजी रोज त्या खड्याची चौकशी करतो. 'तसाच पडून हाय की तुझा.' फ्रीजमध्ये अर्धी राहिलेली भाजी असावी तसं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

वर्कशॉपमध्ये सकाळी पूजा. पक्कड, पाने, मेगर, माझं मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, सगळं पाटावर. आज कशालाच हात लावायचा नाही. घरी आईने कीबोर्डवरही हळदकुंकू वाहिलं. कुंकू 'एन' आणि 'एम'च्या फटीत गेलंय. ब्रशने काढलं, पूर्ण निघालं नाही.

संध्याकाळी बालाजीच्या डोक्यात आलं की मंडळाचीही खंडेनवमी करायची. सगळ्यांनी आपापली हत्यारं मंडळाच्या दालनातल्या मांडणीवर ठेवायची, आज खेळायचं नाही, उद्या दसऱ्याला आपापली उचलायची. मला ते आवडलं. हे लिहून ठेवते, आवडलं होतं.

मांडणीचा नियम मला माहीत होता. एरवी हत्यार ज्याच्या नावावर, त्याचंच. मांडणीवर ठेवलं की नाव सुटतं, ते मंडळाचं होतं आणि अध्यक्ष देईल त्याला मिळतं. त्यानंतर जो त्याने पहिला वार करील त्याच्या नावावर कायमचं लागतं. एका हत्याराचं नाव आयुष्यात एकदाच सुटतं.

मी ठेवेना. दहा जणांची ठेवून झाली होती. बालाजी म्हणाला, 'ताई, देवाच्या कामातबी नियम वाचतीस का?'

सगळे हसले. मीही. चारही ठेवली.

दिसत छान होतं. कुणीतरी मांडणीपुढे झेंडूच्या रंगाची फुलं टाकली होती.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

सकाळपासून पाहुणे. खेळ उघडायला संध्याकाळचे सहा.

मांडणी रिकामी. सहा जणांची हत्यारं आपापल्या हातात, उरलेल्या चौघांनी आपली जुनी मोडीत काढलेली. माझी चार:

तलवार बालाजीकडे.
गदा त्याच्या चुलतभावाकडे.
भाला भालावाल्याकडे.
धनुष्य विष्णूकडे.

खेळाच्या नोंदवहीत लिहिलंय: ११.०४, अध्यक्षांनी वाटप केले. ११.०९ पर्यंत चौघांनीही सराव मैदानात पहिला वार केलेला. पाच मिनिटं.

आईने आपट्याची पानं हातात दिली. घेतली. ती म्हणाली, चेहरा असा काहून? डोकं दुखतंय म्हटलं.

३ ऑक्टो., शुक्र.

कॉल. मी आधी लिहून काढलं होतं काय बोलायचं. चार ओळी. दुसरीपर्यंतच पोचले.

बालाजीचं सगळं आधीच ठरलेलं. चढाई मंडळाची आहे. दहाव्या पायरीची हत्यारं मंडळात चारच, आणि चारही एकाकडे, हे बरोबर आहे का? ज्याचे दोनशे पॉइंट तलवारीत, त्याच्या हातात ती तलवार जास्त लागते की जिचे पन्नास, तिच्या?

जास्त लागते. हे मी नाकारलं नाही. प्रश्न तो नव्हता.

मी म्हणाले, तुम्ही आपापलं उचला म्हणाला होता.

'मग तू सकाळी आली न्हाईस, ताई. आमी वाट बघितली.'

अकरा वाजून चार मिनिटं. दसऱ्याच्या दिवशी. घरात पाहुणे, मी पुऱ्या लाटत होते. त्याच्या घरी पुऱ्या कुणी लाटल्या ते त्याला विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

मग: 'आता परत देताबी येत न्हाई. नियमच हाय तसा. तूच तर सांगतीस नियम.'

चुलतभाऊ म्हणाला, जाऊ दे ना ताई, खेळच हाय.

खेळच आहे तर तुझं काढून दे. हे म्हणाले. मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात. विष्णूचा माइक चालू होता, शेळीसुद्धा ओरडली नाही.

४ ऑक्टो., शनि.

राग बालाजीचा कमी आहे. माझा जास्त.

मेन बंद केल्याशिवाय मी पॅनेलला हात लावत नाही. बंद केल्यावरही टेस्टर लावते. तीन वर्षांत एकदाही विसरले नाही. आणि दहा जण हसले म्हणून चार हत्यारं सोडून दिली. नियम तोंडपाठ असताना.

ती हसण्याची भीती कुठून आली. मी तर म्हणते मला

पुढे लिहायचं नाही.

६ ऑक्टो., सोम.

काकांना सांगितलं. का, माहीत नाही. दुपारी चहा घेताना. खेळ त्यांना कळत नाही, पूजा कळली. म्हणाले, 'पाटावर ठेवलेलं उचललं?' मी म्हटलं, हो. त्यांनी कप खाली ठेवला.

इथे वर्कशॉपमध्ये दसऱ्याला चौघांनी चार पकडी उचलल्या. चारही सारख्याच दिसतात. कुणाची कुणाला गेली नाही. बोलायचीसुद्धा वेळ आली नाही.

संध्या. बालाजीचा मेसेज, लांबलचक. सारांश: तुझ्या कॅरॅक्टरकडे आता हत्यार नाही. पन्नास-पन्नास पॉइंट नुसते पडून. खडा वापर, हीलर हो, चढाईत तुझी जागा पक्की. 'तुझ्या चांगल्यासाठीच सांगतो.' खाली हात जोडल्याची चित्रं तीन.

म्हणजे आधी रिकामं करायचं आणि मग रिकामं आहे म्हणून सांगायचं.

उत्तर दिलं नाही. मंडळ सोडलंही नाही. सोडलं तर त्याला सांगायला सोपं जाईल, ताई रुसली.

७ ऑक्टो., मंगळ.

बाजारातून पहिल्या पायरीची चार घेतली. नव्याने सुरू करणारे घेतात ती. भाला इतका हलका की बदलताना वेळ चुकतो, ०.४ चा ०.५ होतो. भट्टीत सकाळी दीड तास. तलवार दुसऱ्या पायरीवर.

या गतीने सात महिने. मे महिना.

खडा बघितला. हात लावला नाही.

९ ऑक्टो., गुरु.

विष्णूचा फोन. मेसेज नाही, फोन. पहिल्यांदाच. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं.

हत्यारं ताईनेच दिलीत असं बालाजीने सांगितलं होतं, तो म्हणाला. म्हणून वार केला. त्या दिवशी कॉलवर मी बोलले तेव्हा त्याला वाटलं, ताईचा विचार बदलला. खरं काय ते काल कळलं. कुणाकडून ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

'ताई, मी काय करू?'

मी म्हटलं, काही करू नकोस, आता होण्यासारखं नाही. चांगलं चालव. ते धनुष्य डावीकडे किंचित ओढतं, लांबचा नेम धरताना एक बोट उजवीकडे धर.

'मला वाटलंच,' म्हणाला. 'तीन दिस झालं चुकतंय.'

थोडं बरं वाटलं. कुणाकडे तरी नीट आहे.

बालाजी खोटं बोलला. हे वेगळं लिहायला हवं. आधी फक्त घेतलं होतं. आता त्यावर मीच दिलं असं सांगितलं. बाकीच्या तिघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. ताईने दिलं म्हटल्यावर पटलं त्यांना. ताई देतेच.

गदा तिसऱ्या पायरीवर.

११ ऑक्टो., शनि.

सकाळी खेळ उघडला तर पेटीत लोखंड आणि धनुष्याची तात. पाठवणारा विष्णू. पहिल्यांदा कळेना.

धनुष्य मोडलं त्याने. नावावर लागलेलं हत्यार देता येत नाही, पण भट्टीत मोडता येतं. त्यातून निघतो तो माल देता येतो. दहाव्या पायरीच्या हत्याराच्या मालातून सहाव्या पायरीचं होतं. त्याने सगळा माल मला पाठवला. खाली एक ओळ: 'ताई, तुझं तुला.'

मला भयंकर राग आला. लावला फोन. दोन महिने मी त्या धनुष्यावर घालवले होते, ते अख्खं होतं, तुझ्याकडे का होईना होतं. आता जगात नाही. आणि उद्या चढाई, तुझे दोनशे पॉइंट धनुष्यात, तू उभा राहणार कशाने? मला विचारलंस का?

मागे म्हशीची घंटा.

'चुकलं, ताई,' म्हणाला. 'विचारायचं व्हतं.'

एवढंच. पुढे 'पण' नाही, कारण नाही, 'तुझ्या चांगल्यासाठी' नाही.

मी फोन ठेवला. मग स्टुलावर बसून राहिले. एवढंच तर मी दहा दिवस मागत होते, आणि ते मिळालं कुणाकडून.

त्याला मेसेज केला: माल घेतला. धनुष्य बनवते. राग गेलेला नाही.

त्याचं उत्तर: 'बरं.'

संध्या. ७. बालाजीला कळलं. सगळ्यांसमोर विष्णूला मंडळातून काढलं. मी फितवलं म्हणे. 'ताईनं आतून काड्या केल्या.' मी कॉलवर आहे हे त्याला दिसत होतं. तरी बोलला, किंवा म्हणूनच.

मी विचारलं, उद्या राखणदार उडाला की बाण कोण मारणार?

यादी सगळ्यांपुढे होती. धनुष्यात पॉइंट असलेले मंडळात दोघंच होते. त्यातला एक आता काढलेला.

१२ ऑक्टो., रवि.

स. ९.३०. धनुष्य तयार. सहावी पायरी. हे उजवीकडे ओढतं.

सहावी पायरी आणि पन्नास पॉइंट: मी मांडून बघितलं. राखणदार उडाला की वीस सेकंदांत पुरेसा मार बसायला अठरा बाण लागावे लागतात. बावीस मारता येतात. चार चुकले तर चालतील. तलवार, भाला, गदा, बाकी तिघांकडे माझीच आहेत, चांगली चालतील. मी गेले तर गड पडू शकतो. नाही गेले तर नक्की पडत नाही.

दु. १२.१५. बालाजीचा फोन आला. आवाज वेगळाच. आधी जेवलीस का. मग पाऊस उघडला का तुमच्याकडे. मग:

'ताई, आज धनुष्य तू घे.'

आधी चार पिकं नको होती. आता एका पिकाची ओळ रिकामी राहिली म्हणून मी. हे बोलले नाही. म्हटलं, दोन गोष्टी. विष्णू परत मंडळात.

'ते होईल. आत्ता करतो.' केलंही, फोनवर असतानाच. एवढं सोपं होतं ते त्याला.

दुसरी: दोनच्या आधी कॉलवर, अकरा जणांसमोर एवढं म्हणायचं. चारही हत्यारं तिची होती. मी न विचारता वाटली. आठ शब्द.

तो हसला. मग हसला नाही.

म्हणाला, चढाई झाल्यावर बोलू. मी म्हटलं, आधी. म्हणाला, मंडळाच्या भल्यासाठीच केलं ना, मी काय घरी नेलं? मी म्हटलं, आठ शब्द. म्हणाला, 'ताई, मी तुझ्यापेक्षा मोठा हाय. पोरं काय म्हणतील? उद्या कोण ऐकंल माझं?'

म्हणजे त्याला कळतंय. न कळणाऱ्या माणसाला एवढं जड गेलं नसतं.

मी म्हटलं, कॉलवर येते. माइक चालू ठेवते. ते आठ शब्द ऐकल्याशिवाय धनुष्य काढणार नाही.

दु. १.३५. सगळे गडाच्या दाराशी. मीही आहे, पण मागे नाही. माझी कॅरॅक्टर दाराच्या पायरीवर सगळ्यांत पुढे उभी केलीय. चार हत्यारं पाठीला, चारही ओबडधोबड. विष्णू रिकाम्या हाताने आलाय, त्याच्या कॅरॅक्टरने नुसते हात बांधलेत.

जेव म्हणून आईने दोनदा हाक मारली. येते म्हटलं.

१.४४. चुलतभाऊ म्हणाला, ताई धनुष्य काढ की, नेम बघून घे. काढलं नाही. त्याने बालाजीला विचारलं, काय झालंय, भाऊ?

१.४९. बालाजीचा माइक चालू आहे. दिवा हिरवा. दुकानातला पंखा ऐकू येतोय, कुणीतरी युरियाचं विचारतंय, तो त्याला 'थांबा जरा' म्हणाला. आम्हाला काही नाही.

विष्णू हळूच म्हणाला, 'भाऊ, बोला की.'

म्हणजे त्यालाही माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं.

१.५३. बालाजीने घसा खाकरला.

'हे बघा,' म्हणाला. 'ताईचं असं हाय...'

आणि थांबलाय. मी वही मांडीवर घेऊन लिहितेय. पंखा फिरतोय. १.५४.